परसदारी थांबलेली बाई

देवदत्त सरांनी बैठकीत बोलण्यासाठी कादंबरीतली पात्रं वाटून दिली तेव्हा दीपमालाच्या वाट्याला उरलीसुरली आली. नायिका भागीरथी सरांनी स्वतःकडे ठेवली. तिचा भाऊ, तो हेकट इनामदार, बँकेतल्या एका गृहस्थांनी मागून घेतला. मास्तर स्वरदाला मिळाला. वैधव्याचा प्रश्न, महापुराचं प्रतीक, नियती वगैरे विषय तर बघता बघता संपले. मग सरांनी चष्म्यावरून मागच्या रांगेकडे पाहिलं.

"दीपमालाताई, तुम्ही गौण पात्रं घ्या. आचारी, भटजी, नावाडी. फार कुणी त्यांच्यावर लिहिलेलं नाही. मजा येईल तुम्हाला."

दीपमाला हो म्हणाली. इथं काही मिळालं तरी ती हो म्हणाली असती. गोंदियाकडची ही पोरगी नागपूरला मराठीत एम.ए. झाली, लग्न होऊन रायपूरला आली आणि रेल्वेच्या एका कार्यालयात कारकून म्हणून चिकटली. नवरा यशदीप मालगाड्यांचे डबे दुरुस्त होतात त्या कारखान्यात. गुढियारीत दोन खोल्यांचं घर, पुढं गल्ली, मागं हातभर परस, आणि परसाच्या भिंतीपलीकडे रूळ. कार्यालयात हिंदी, बाजारात हिंदी. पोटची मुलगीसुद्धा मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायची, आणि सध्या तर ती सुट्टीला आजोळी गेलेली. त्यामुळं महिन्यातून एका रविवारी बुढापारा वस्तीतल्या एका लांबट खोलीत जमणारी वाचनाची बैठक म्हणजे दीपमालाला माहेरी जाऊन आल्यासारखं वाटायचं. बैठकीतले बहुतेक लोक अलीकडे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईकडून आलेले. देवदत्त सर पुण्याचे, पंचवीस-तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले, आता मुलाकडे राहायला आले होते. स्वरदा रायपूरजवळ वसवलेल्या नव्या राजधानीतल्या एका सरकारी कार्यालयात अधिकारी होती. माणसं चांगली होती. फक्त त्यांच्यात बोलताना दीपमाला आपली घरची बोली दाराबाहेर चपलांपाशी ठेवून यायची.

कादंबरी शंभरेक वर्षांपूर्वीची. कृष्णेकाठच्या एका गावात इनामदारांच्या घरी भागीरथी नावाची तरुण विधवा बहीण असते. गावात नव्या विचारांचा एक मास्तर येतो. दोघांचं मन जुळतं, गावात कुजबुज होते, मास्तरला गाव सोडायला सांगतात. जायच्या आदल्या दिवशी तो भागीरथीला निरोप धाडतो की पहाटे नाव सुटणार आहे, येतेस का. निरोप घेऊन वेशीबाहेरच्या वस्तीतली एक बाई परसदारी येते. लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडी. भागीरथी ऐकते, तिचा चेहरा पांढराफटक पडतो आणि ती म्हणते, "थांब इथंच. आलेच मी." ती आत जाते. आत भाऊ उभा असतो. पुढचं प्रकरण तर पाठ्यपुस्तकात असायचं, अख्ख्या महाराष्ट्राला पाठ असल्यासारखं. बहीणभावाचं ते भांडण, खोलीला लावलेली कडी आणि सकाळी कडी काढल्यावर जे दिसतं ते. शेवटी मोठा पूर येतो आणि इनामदाराचं घर पोटात घेतो.

दीपमालानं हे एम.ए.ला वाचलं होतं. तेव्हा ती भागीरथीसाठी रडली होती. आता ती पेन्सिल घेऊन आचाऱ्याला शोधत बसली.

मे महिना होता. रायपुरात मे महिन्यात सकाळी सातनंतर बाहेर बसवत नाही, म्हणून ती पहाटे उठून मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायची. सासू शेवंताबाई उंबऱ्यापाशी खाटेवर. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करायची ठरलेली. वाचता त्यांना कधीच येत नव्हतं, पण ऐकायची हौस दांडगी.

"मोठ्यानं वाच वो," त्या म्हणायच्या. "तूच एकली काय आयकतं?"

म्हणून दीपमाला मोठ्यानं वाचायची. शेवंताबाईंना इनामदाराचा मनापासून राग होता. नावाडी मात्र आवडला होता.

आचाऱ्याचं पुढं काय होतं ते सापडलं. तो भागीरथीच्या मरणानंतर इनामदाराचं मीठ खाणार नाही म्हणून निघून जातो. भटजी दक्षिणा घेऊन गप्प बसतो आणि शेवटी त्याची वाचा जाते. नावाडी पुरात लोकांना काढता काढता वाहून जातो. दीपमालाला लेखकाचं कौतुक वाटायला लागलं. कुणाला म्हणून त्यानं वाऱ्यावर सोडलं नव्हतं. इनामदाराची कपिला गायसुद्धा पूर यायच्या आधी वरच्या गोठ्यात नेऊन बांधली होती, तिच्यापुढं वैरण टाकली होती.

मग तिला ती बाई आठवली.

तिनं मागची पानं काढली. बाई येते. परसातल्या पायरीच्या खाली, भिजत उभी राहते. भागीरथी म्हणते, थांब. पुढं भांडण. पुढं कडी. पुढं सकाळ. दीपमाला एकेक पान बोट ठेवून वाचत गेली. बाई परत गेली असं कुठंही नव्हतं. कुणी तिला हाकललं नाही, कुणी जा म्हटलं नाही. लेखक भागीरथीच्या मागोमाग घरात शिरला तो परत परसात आलाच नाही.

शेवटच्या प्रकरणात मात्र परस होतं. पूर येतो तेव्हाचं वर्णन. कोणत्याही समीक्षेत हमखास येणारं ते वाक्य, की परसात कंबरभर पाणी चढलं आणि पायरी दिसेनाशी झाली.

दीपमालानं पुस्तक मिटलं. त्या पायरीखाली ती बाई अजून उभीच असणार होती.

"काय झालं?" शेवंताबाईंनी विचारलं. "थांबलीस काहून?"

"काही नाही आई. चहा ठेवते."

ती उठली आणि तिचा पाय घसरता घसरता वाचला. खालची पायरी ओली होती. दोन पावलांना पुरेल एवढा ओला डाग, बाकी सगळं परस कोरडं ठणठणीत. नळ पलीकडच्या कोपऱ्यात, आणि त्याला पाणी यायला अजून अवकाश होता.

तिनं फडक्यानं पायरी पुसली. कार्यालयातून संध्याकाळी आली तेव्हा ती परत ओली होती.

यशदीपनं खाली बसून नीट पाहिलं. तो हातानं काम करणारा माणूस, त्याचा जमिनीखालच्या नळावर विश्वास. "पाइप फुटला असन कोठंतरी," तो म्हणाला. रविवारी त्यानं पायरीशेजारची फरशी उचकटली. खाली माती भाजून निघालेली, तिच्यात भेगा पडलेल्या. त्यानं फरशी परत बसवली, वर सिमेंट घातलं. सोमवारी सिमेंटवर ओल होती. त्यानंतर परसात जाताना यशदीप त्या पायरीवर पाय द्यायचा टाळतो हे दीपमालाच्या लक्षात आलं.

तिनं देवदत्त सरांना फोन केला. बाईबद्दल विचारलं. ओलीबद्दल काही सांगितलं नाही.

सर खूश झाले. "अरे वा, बारकाईनं वाचलंत! हे खरंच कुणाच्या लक्षात आलेलं नाही. लेखकाचं विस्मरण म्हणायचं. पण एक सांगू का, ती पात्र नाहीच. तिला नाव नाही, स्वभाव नाही. कथानकाला एक निरोप आत पोचवायचा होता, तो पोचला, तिचं काम संपलं."

"पण सर, तिला थांब सांगितलंय."

"हो, मग थोडा वेळ थांबून गेली असेल की घरी! माणूस किती वेळ थांबेल?"

दीपमालाला हे पटलं. निदान फोन ठेवेपर्यंत पटलं.

त्याच आठवड्यात ती एका दुपारी घरी होती. डोकं दुखतं म्हणून अर्ध्या दिवसाची रजा घेतलेली. बाहेर लू, तो भाजणारा वारा, वाहत होती, गल्लीत चिटपाखरू नाही. कूलर घरघरत होता. दीपमालाला जरा डोळा लागला असेल नसेल, तेवढ्यात शेवंताबाईंचा आवाज आला.

"अवो, कोन हाय तिकडं? आत ये नं बाई. एवढ्या उनात काहून उभी?"

दीपमाला ताडकन उठली. शेवंताबाई खाटेवर बसल्या होत्या आणि मागच्या दाराकडे तोंड करून बोलत होत्या. दार उघडं होतं. दारात ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

"आई, कोणाशी बोलून राहिल्या?"

"कोन जाने. दोन-तीन दिवस झाले, येते. मले वाटलं तुह्या वळखीची असन. सावली पडते नं दारात, तेवढीच दिसते मले. आत ये म्हटलं तं येत नाई. जाय म्हटलं तं जात नाई."

ती दारापर्यंत गेली. परस तापून पांढरं झालं होतं, रुळांवरून झळा उठत होत्या. पायरीवर ओली पावलं होती. बोटं घराकडे.

ती सासूच्या खाटेवर येऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. कादंबरीतल्या बाईचं, सरांच्या फोनचं, पायरीचं. सांगताना आपल्यालाच वेडेपणा वाटेल म्हणून ती दोनदा अडखळली. शेवंताबाईंना त्यात वेडेपणा काही वाटला नाही.

"तुहे सर म्हनतात थोडा वेळ थांबून गेली असन?"

"हो."

"नाई जात पोरी." शेवंताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "माही माय निरोप नेत होती. भंडाऱ्याकडे, आमच्या गावाले. मी लहान, तिच्या संगं राहो. एकदा पाटलाच्या घरी गेलो. मागच्या अंगाले उभं राहा म्हने, मालक जेवून राहिले, मंग सांगतो. आमी उभ्या. थे लोक पुढच्या दारानं बैलबंडीत बसले अन् लग्नाले चालले गेले. आमाले काय मालूम? माय उभी. मी म्हटलं चाल नं घरी, तं माय म्हने चूप, बोलावतीन. मले तहान लागली, तं ढोराच्या टाक्यातलं पानी पेली मी. दिवस बुडाला. गड्यानं पाह्यलं तवा म्हनला, अवो, घरी कोनी नाई, काहून उभ्या?"

"मग?"

"मंग का? सकाळी परत गेलो. निरोप तं द्याचाच होता." त्या जराशा हसल्या. "थांब म्हटलं का थांबाचं. आपल्या मनानं निघालं अन् मांगून कोनी बोलावलं तं? मार कोन खाईन?"

कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसती गरम हवा येत होती. दीपमाला उठून पाणी भरायला गेली आणि मागच्या दारात थबकली. कुणी दिसत नव्हतं. तरीही तिनं हळूच म्हटलं, "बाई, जा तुम्ही आता. घरी जा."

काहीच झालं नाही. तिनं परत म्हटलं, जरा मोठ्यानं. आपण कुणाला तरी हुसकावतोय असं तिला वाटलं आणि तिची तिलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पायरी ओली होती. तिसऱ्याही दिवशी.

यशदीपनं एकदा विचारलं, "ते बैठकीतलं बोलणं कॅन्सल कर नं. तब्येत बरी नाही म्हणून सांग. पुस्तक वापस देऊन टाक."

"पुस्तक वापस दिलं तं ती जाईल का?"

यशदीपनं मागचं दार ओढून घेतलं. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

बैठकीचा रविवार उजाडला. संध्याकाळी चारची वेळ, पण ऊन दुपारसारखंच. बुढापाऱ्यातली ती खोली एका जुन्या घराच्या तळमजल्यावर होती. पुढं दुकानं, स्कूटरांची कटकट. मागच्या दारानं बाहेर पडलं की फरसबंद मोकळी जागा, तिथं एक नळ आणि पलीकडच्या बोळात उघडणारं छोटं फाटक. वारा यावा म्हणून मागचं दार उघडं ठेवलेलं होतं. दीपमाला मुद्दाम त्या दाराकडे पाठ होईल अशी बसली.

सर भागीरथीवर सुंदर बोलले. तिच्या मौनातला विद्रोह त्यांनी असा उलगडून दाखवला की दोघी-तिघींनी डोळे टिपले. बँकेतल्या गृहस्थांनी इनामदाराची बाजू मांडली. स्वरदानं मास्तरला धारेवर धरलं, तो स्वतः का आला नाही, दुसऱ्याला का धाडलं, असं तिनं विचारलं तेव्हा सगळे हसले. पुराच्या प्रतीकावर बोलणाऱ्या बाईंनी ते कंबरभर पाण्याचं वाक्य वाचून दाखवलं. दबलेल्या भावना कशा उसळून येतात, ते परसातलं पाणी म्हणजे खरं तर भागीरथीचे अश्रू कसे आहेत, ते सांगितलं.

मग दीपमाला उभी राहिली. बोलायला उभं राहायचं तर तोंड लोकांकडे, म्हणजे आता मागचं दार तिच्या डाव्या हाताला आलं. आचारी झाला. भटजी झाला. नावाड्यापाशी तिचा आवाज जरा स्थिर झाला, सरांनी मान डोलावली.

"आणखी एक पात्र आहे," ती म्हणाली. "तिला नाव नाही. ती निरोप घेऊन येते. भागीरथी तिला थांब म्हणते. त्यानंतर..."

तिनं डावीकडे पाहिलं नव्हतं. पण डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि तिला पाहावंच लागलं.

नळाच्या अलीकडे, फरशीवर, एक बाई उभी होती. साधी बाई. चाळिशीची असेल, नसेल. रंग उडालेलं हिरवट लुगडं, डोक्यावरून पदर, एक हात पदराच्या टोकाशी. काठापासून गुडघ्यापर्यंत लुगडं भिजून पायांना चिकटलेलं. ती दाराकडे पाहत होती. रागानं नाही, विनवणीनं नाही. आतून कुणीतरी येईल म्हणून माणूस पाहतं तसं.

सरांना वाटलं ताई विसरल्या. ते हळूच म्हणाले, "त्यानंतर ती दिसत नाही. बरोबर?"

दीपमालानं हातातलं पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि ती मागच्या दारानं बाहेर गेली.

फरशीचा चटका चपलेतून लागत होता. बाईच्या पायाखाली मात्र ओल होती. जवळ गेल्यावर वास आला, नदीकाठच्या गाळाचा, कुजक्या पानांचा. जाय म्हटलेलं हिनं ऐकलं नव्हतं, ये म्हटलेलंही ऐकलं नव्हतं. मग ही कशासाठी उभी आहे? आणि तिला एकाएकी कळलं. ही निरोप घेऊन आली होती. हिला उत्तर पाहिजे होतं. घरात काय झालं हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं, शंभर वर्षं लोक त्यावर बोलत होते. हिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बैठकीत कधी न काढलेली घरची बोली तिच्या तोंडून आपोआप निघाली.

"बाई," ती म्हणाली, "भागीरथीबाई येत नाही आता. त्या गेल्या. त्याच राती गेल्या. त्यांच्या भावानं कडी लावली होती."

बाई ऐकत होती.

"मास्तरही गेले. नाव सुटली. उत्तर न्यायले कोणीच नाही राहिलं. तुम्हाले कोणी बोलावणार नाही, अन् तुम्हाले कोणी मारणारही नाही. मी सांगून राहिली नं."

बाईच्या चेहऱ्यावर काही हललं. तिनं पदराचं टोक सोडलं. मग तिनं विचारलं, आवाज अगदी साधा, बाजारात कुणीही विचारावं तसा,

"मंग मी जाऊ?"

तिनं मान हलवली. मग वाटलं नुसती मान पुरायची नाही, म्हणून ती म्हणाली, "जा माय. कोणालेच विचारू नका."

बाई वळली. फाटकाची कडी तिनं स्वतः काढली, तिचा आवाज झाला. ती बोळात शिरली आणि भिंतीच्या सावलीतून चालत वळणापर्यंत गेली. चालताना ती जरा लंगडत होती, फार वेळ उभं राहून पायांना मुंग्या आल्यावर माणूस लंगडतं तशी.

दीपमाला मागं वळली तेव्हा दारात सर होते, बँकेतले गृहस्थ होते, आणि सगळ्यांच्या पुढं स्वरदा. स्वरदाच्या ओठांचा रंग गेला होता.

"कुणाशी बोलत होता?" सरांनी विचारलं. त्यांना काही दिसलं नव्हतं, निदान त्यांनी तसं सांगितलं. कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी लू लागली असेल म्हणालं, खुर्ची पुढं केली.

स्वरदानं सगळ्यांना बाजूला सारलं आणि दीपमालाचा दंड धरून तिला नळापाशी नेलं.

"हिरवट साडी?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

दीपमालानं तिच्याकडे पाहिलं.

"मी लवकर आले होते आज. खुर्च्या लावायला. ही तेव्हा इथंच उभी होती. मला वाटलं, कामाला बाई पाहिजे का विचारायला आली असेल. मी म्हटलं..." स्वरदा थांबली. "मी म्हटलं, थांब इथंच, विचारून सांगते. आणि मग लोक यायला लागले. मी विसरले, दीपमाला. दोन तास!"

दोघी फाटकातून बाहेर धावल्या. बोळ रिकामा होता. वळणावर पान-सुपारीचं खोपट होतं, त्यातला म्हातारा ओला गमछा डोक्यावर घेऊन बसलेला. स्वरदानं हिंदीत विचारलं, इधर से कोई औरत गई क्या, हरी साड़ी में?

"हव दीदी," तो म्हणाला, "तरिया कोती गे हे." तळ्याकडे गेली.

बुढा तळ्याच्या काठानं त्या दोघी पार पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेल्या. झाडाखाली झोपलेली माणसं होती, भुट्टेवाली होती, कठड्यावर बसलेली जोडपी होती. हिरवट लुगड्याची बाई नव्हती. स्वरदा प्रत्येक बाईच्या तोंडाकडे वाकून पाहत होती. शेवटी ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "खरी बाई असेल ना गं? कामाला आलेली?"

"असेल," दीपमाला म्हणाली. दुसरं काय सांगणार? तिला स्वतःला ते कधीच कळलं नाही. खरी असेल तर तिला आपण काय काय सांगितलं, भागीरथीबाई गेल्या, नाव सुटली, आणि तरी तिनं नेमकं 'मंग मी जाऊ' हेच विचारलं. आणि खरी नसेल, तर म्हाताऱ्यानं कुणाला पाहिलं?

त्या परत आल्या तेव्हा बैठक आटोपली होती. चहाचे कागदी पेले टेबलावर पडले होते. सर एकटेच थांबले होते. त्यांनी दीपमालाचं पुस्तक तिच्या हातात दिलं, बरं वाटतंय ना, असं विचारलं. मग जरा घुटमळून म्हणाले, "त्या बाईचं तुम्ही सांगत होता ते पूर्ण झालं नाही. पुढच्या वेळी तिच्यापासूनच सुरुवात करू." ते मनापासून म्हणाले होते. दीपमालानं मान हलवली, पण पुढच्या वेळी तिच्याबद्दल आपल्याला एक शब्दही बोलता येणार नाही हे तिला तेव्हाच समजलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. यशदीप परसात उभा होता. तो म्हणाला, "वाळलं." एवढंच. संध्याकाळी पाच-साडेपाचला वाळलं म्हणे, त्याच्या डोळ्यांदेखत, तव्यावरचा थेंब जावा तसं. त्यानंतर त्या पायरीवर कधी ओल आली नाही.

जेवणं झाल्यावर दीपमालानं सासूला सगळं सांगितलं. शेवंताबाई आडव्या पडून ऐकत होत्या. बाई काय नेसली होती, काय म्हणाली, कशी चालत गेली. लंगडत होती म्हटल्यावर त्यांनी आपल्या पोटऱ्यांवरून हात फिरवला. भिंतीपलीकडून एक लांबलचक मालगाडी गेली.

"गेली म्हनतं नं?" शेवंताबाईंनी विचारलं.

"गेली आई."

"घरी कोन होतं वो तिच्या?"

"पुस्तकात नाही ते."

"असन कोनीतरी," शेवंताबाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीकडे कूस केली. "लेकरूगिकरू. असल्याबिगर थोडीच राहते?"

थोड्या वेळानं त्यांचा श्वास संथ झाला. दीपमाला तिथंच बसून राहिली. वेशीबाहेर, नदीच्या उताराला, कुडाची एक झोपडी तिला दिसायला लागली. माय निरोप घेऊन गेलेली, बाहेर पाऊस, आणि नदीचं पाणी चढत चाललेलं. झोपडीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत कोण बसलंय ते काही केल्या तिला दिसेना.